एंजल घ्यावा की ब्लॅक ओपियम?

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांची असून पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझी भाची फ्रान्समध्ये शिकते. डिसेंबरात घरी येताना ती माझ्यासाठी एक परफ्यूम आणणार आहे आणि निवड तिने माझ्यावर सोपवली आहे. गोड आणि ठसठशीत वास मला पहिल्यापासून आवडतात. बऱ्याच दुकानांतून फिरून शेवटी मी दोन नावांवर येऊन थांबले आहे : म्युग्लरचा एंजल आणि इव्ह सँ लोराँचा ब्लॅक ओपियम. ब्लॅक ओपियम कागदी पट्टीवर हुंगताक्षणीच आवडला. कॉफी आणि व्हॅनिला आइस्क्रीम एकाच वाटीत घेतल्यासारखा वाटला. एंजलची पट्टी मात्र मी लगेच दूर धरली, कारण साखरेच्या पाकाबरोबर जुन्या लाकडी पेटीसारखा वास आला. ती पट्टी पर्समध्ये तशीच राहून गेली आणि दोन दिवसांनी पर्स उघडली तेव्हा आजीच्या वेणीची आठवण झाली. भाची म्हणते, "मावशी, एंजल आता आज्यांचा झाला." घरी सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, हेही सांगायला हवे. कोणता घ्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण ज्या दोन बाटल्यांपुढे उभ्या आहात त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कमी आणि नात्यातल्या अधिक आहेत. एंजल १९९२ साली बाजारात आला आणि तो घडवण्यात ओलिव्हिए क्रेस्प या फ्रेंच सुगंधकाराचा मुख्य वाटा होता. ब्लॅक ओपियम आला २०१४ मध्ये. तो चार सुगंधकारांनी मिळून बांधला आणि त्या चौघांतही क्रेस्प होतेच. त्यामुळे पहिल्याने उघडलेल्या वाटेवरून बावीस वर्षांनी दुसरा चालत आला, असे म्हणायला हरकत नाही. आज तर दोन्ही नावे लॉरिआल या एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहेत. आपण कोणतीही बाटली घेतली तरी पैसे जाणार एकाच गल्ल्यात.

एंजलपूर्वी गोड वास नव्हते असे मुळीच नाही. १९२५ सालच्या शालिमार या परफ्यूममध्ये व्हॅनिला होता, पण तो फुले, राळ आणि लिंबूवर्गीय फळांच्या आडून येत असे. एंजलने मिठाई थेट समोर मांडली. ज्यांच्या नावाने एंजल निघतो त्या फॅशनकार थिएरी म्युग्लर यांच्या मनात लहानपणी पाहिलेल्या जत्रेचे वास होते आणि ते आणण्यासाठी एथिल माल्टॉल नावाचे द्रव्य त्या काळी धाडसी वाटावे इतक्या सढळ हाताने वापरले गेले. हे द्रव्य निसर्गात सापडत नाही, ते प्रयोगशाळेत तयार होते. त्याचा वास कसा असतो हे सांगायला मात्र रसायनशास्त्र लागत नाही : साखरेचा पाक करपण्याच्या बेतात असताना स्वयंपाकघरात जो वास भरतो, किंवा जत्रेत 'म्हातारीचे केस' फिरवणाऱ्या यंत्राजवळ जो येतो, तोच हा. नुसता वापरला तर तो लहान मुलांच्या गोळ्यांसारखा पोरकट होतो. म्हणून त्याच्यासमोर तितकीच दणकट अशी पॅचुली ही सुगंधी पानांची वनस्पती उभी केली गेली. एका बाजूला साखर आणि दुसऱ्या बाजूला ओलसर मातीचा, लाकडाचा, किंचित कापरासारखा वास, अशी ही ओढाताण आहे आणि एंजलचे सारे व्यक्तिमत्त्व या ओढाताणीतच आहे. आपल्याला पाक आणि लाकडी पेटी एकदम जाणवली ती यामुळेच. आपले नाक उत्तम आहे.

आता आजीच्या वेणीकडे येऊ, कारण माझ्या मते आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. जिला परदेशी दुकानदार पॅचुली म्हणतात ती आपल्याकडच्या 'पाच' या वनस्पतीच्या अगदी जवळच्या नात्यातली आहे. अबोली, मरवा आणि दवण्याबरोबर वेणीत गुंफली जाणारी पाच ज्यांनी लहानपणी हुंगली आहे त्यांना पॅचुली परकी वाटण्याचे कारण नाही. या वनस्पतीचा वास फुलांत नसून पानांत असतो आणि पाने वाळल्यावर तो कमी न होता अधिक खोल होतो. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचुलीची वाळलेली पाने ठेवली जात. पुढे पुढे तिथल्या बायका त्या वासावरूनच शाल खरी हिंदुस्थानातली की नक्कल हे ओळखू लागल्या. म्हणजे आपल्याला जी 'जुनी पेटी' आठवली ती कल्पनेतली नव्हे, खरोखरीची आहे.

पट्टी पहिल्या मिनिटाला नकोशी आणि दोन दिवसांनी हवीशी का वाटली, याचेही उत्तर यातच आहे. परफ्यूमचे घटक एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबूवर्गीय आणि फळांचे हलके घटक काही मिनिटांत निघून जातात, फुलांचे काही तास राहतात आणि पॅचुली, व्हॅनिला, कस्तुरीसारखे जड घटक दिवसच्या दिवस कागदाला किंवा कापडाला धरून बसतात. आपण प्रथम हुंगला तो सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केल्याचा गलका होता; दोन दिवसांनी खोलीत उरली होती ती पाच आणि थोडी साखर. परफ्यूम अंगावर असतो तो मुख्यतः या उत्तरार्धात. दुकानातल्या पहिल्या पाच मिनिटांवर खरेदी करणे म्हणजे मुलीला दारातूनच पाहून सोयरीक ठरवण्यासारखे आहे.

ब्लॅक ओपियमचा स्वभाव याच्या उलट आहे. तो पहिल्या मिनिटालाच आवडावा अशा बेताने रचलेला आहे. सुरुवातीला नाशपाती आणि गुलाबी मिरी, मध्यभागी कॉफी, तिच्याभोवती जाईच्या कुळातली आणि कडू संत्र्याची पांढरी फुले, खाली व्हॅनिला आणि अगदी शेवटी पॅचुलीची पुसटशी रेघ. नाव १९७७ सालच्या गाजलेल्या ओपियमवरून घेतले असले तरी त्या मसालेदार, धुपासारख्या परफ्यूमशी याचे साम्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यातली कॉफी हीच खरी गंमत आहे, कारण तिचा कडवटपणा गोडव्याला आवरून धरतो. अडचण अशी की माझ्या अनुभवात ही कॉफी फार वेळ थांबत नाही. पहिला अर्धा-पाऊण तास ती ठळक असते. त्यानंतर व्हॅनिला आणि पांढरी फुले पुढे येतात आणि चौथ्या तासाला मनगटावर जे राहते ते गोड, मऊ, सुखद, पण इतर अनेक गोड परफ्यूमांपासून वेगळे काढता येणे कठीण असे असते. एंजल चौथ्या तासालाही एंजलच असतो, आणि आवडत नसेल तर तीच त्याची शिक्षा.

म्हणून निर्णयापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. रविवारी सकाळी, अंगाला दुसरे काही सुवासिक न लावता, दुकानात जाऊन एका मनगटावर एंजल आणि दुसऱ्यावर ब्लॅक ओपियम यांचा एकेकच फवारा घ्यावा. मनगटे एकमेकांवर घासू नयेत; दोन्ही वास मिसळले तर सारा खटाटोप फुकट जाईल. काउंटरवर कॉफीच्या बिया भरलेली वाटी पुढे करतात तिचा नाक ताजे करण्यास फारसा उपयोग होत नाही, आणि ज्या परफ्यूमात मुळातच कॉफी आहे त्याची परीक्षा घेताना तर ती उलट गोंधळ वाढवते. स्वतःच्या पदराचा किंवा बाहीचा वास घेणे त्याहून बरे. मग घरी यावे, जेवावे, नेहमीची कामे करावीत आणि चार तासांनी पुन्हा हुंगावे. त्या वेळी जे मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी न्यावेसे वाटेल त्या बाटलीचे नाव भाचीला कळवावे. दुकानात जाताना सासूबाईंना बरोबर नेऊ नये आणि परतल्यावर चार तासांची ही परीक्षा संपेपर्यंत त्यांच्यापासून दूर राहावे; मग दोन्ही मनगटे धुऊनच त्यांच्याजवळ बसावे.

दम्याचा मुद्दा मी गांभीर्याने घेते. तीव्र वासाने काही दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, आणि तो वास महागड्या परफ्यूमचा आहे की उदबत्तीचा, याने त्यांच्या श्वासनलिकांना फरक पडत नाही. हे दोन्ही परफ्यूम दूरवर दरवळणारे आहेत; एंजल तर माणूस खोलीतून गेल्यावरही मागे राहतो. घरात उदबत्तीने किंवा फोडणीच्या खाटाने त्यांना त्रास होत असेल तर परफ्यूमनेही होईल असे धरून चालावे आणि त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. फवारा बंद खोलीत कधीही मारू नये. बाहेर निघताना गॅलरीत किंवा जिन्यात मारावा आणि परत आल्यावर कपडे वेगळ्या जागी टाकावेत. डॉक्टरांनी नको म्हटले तर दोन्ही नावे विसरून कापसाच्या फायावरचे सौम्य अत्तर कानामागे ठेवण्यापुरता शौक करावा, आणि तेही त्यांना चालत असेल तरच.

हवामानाचाही विचार व्हावा. हे परफ्यूम थंड देशांतल्या लोकरी कोटांसाठी आणि लांब संध्याकाळींसाठी रचलेले आहेत. उष्णतेने सगळेच घटक वेगाने उडतात, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी तोच एक फवारा तिप्पट वाटतो आणि त्यात घाम मिसळला की एथिल माल्टॉलचा गोडवा चिकट होतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वातानुकूलित बसने मुंबईला जाताना मी निघण्यापूर्वी एंजलचे तीन फवारे मारले होते. खिडक्या न उघडणाऱ्या त्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी लोणावळ्याच्या आधीच अत्यंत सभ्यपणे जागा बदलून घेतली आणि मला उरलेला प्रवास स्वतःच्या सहवासात काढावा लागला. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा मात्र हाच परफ्यूम शालीसारखा अंगावर बसतो.

वर्गात यांपैकी काहीही लावून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐंशी मुलांना पंचेचाळीस मिनिटे एका जागी बसावे लागते आणि त्यांना शेजारच्या बाईंसारखी जागा बदलता येत नाही. शिक्षकांच्या खोलीपुरते बोलायचे तर ब्लॅक ओपियमचा एक फवारा बहुतेकांना खपून जातो. एंजलबद्दल मात्र दोन तट पडतात, मधले कोणी राहत नाही.

एवढे सगळे लक्षात घेऊनही, चौथ्या तासाच्या परीक्षेत आपले मत बदलले नाही तर मी आपल्याला एंजल सुचवेन. ब्लॅक ओपियम आपल्याला आवडला. एंजलने आपल्याला दोन दिवसांनी पर्स उघडताना थांबवले. रोज लावण्यासाठी हवा असता तर माझे उत्तर उलट असते, परंतु आपल्या घरच्या आणि नोकरीच्या परिस्थितीत दोन्हींपैकी कोणताही रोज लावता येणार नाही, हे उघड आहे. वर्षातून पंधरा-वीस संध्याकाळी, लग्नसमारंभात किंवा हिवाळ्यातल्या मोकळ्या मैफलीत लावायचा असेल तर जो दुसऱ्या कशासारखाच नाही तोच घ्यावा. आज्यांचा झाला, हे भाचीचे म्हणणे मनावर घेऊ नये. १९९२ मध्ये ज्या तरुण होत्या त्या आता पन्नाशी-साठीत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती आज ज्या गोड परफ्यूमांना तरुण समजते त्यांतले बहुतेक याच घरातले आहेत.

भाचीला निरोप देताना पूर्ण नाव द्यावे. एकाच नावाखाली आता पुष्कळ भावंडे निघाली आहेत. एंजल नोव्हा, एंजल एलिक्सिर, ब्लॅक ओपियम ले पारफम हे सारे वेगळे वास आहेत आणि एंजलचेच ओ द टॉयलेट, म्हणजे सौम्य मात्रेचा प्रकार, तेही निराळे आहे. आपल्याला हवा आहे तो मूळचा ओ द पारफम, निळसर द्रवाचा. दर वेळी एकच फवारा लागणार असल्याने सर्वांत लहान बाटली पुरे. बाटली तिने कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवावी.

प्रश्न : पत्नीच्या वाढदिवसाला मी तिला ब्लॅक ओपियम दिला. तिला तो आवडला, परंतु अर्ध्या तासात वास उडून जातो असे ती म्हणते, आणि मला मात्र ती संध्याकाळी घरी येईपर्यंत तो येत असतो. माल नकली असेल का? तसे असल्यास त्याऐवजी एंजल घ्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याला संध्याकाळपर्यंत वास येतो आहे, यावरून टिकाऊपणाबद्दल शंका घेण्याचे कारण दिसत नाही. नाक सतत येणाऱ्या वासाची नोंद घेणे थोड्याच वेळात थांबवते. ज्याचा वास बदलत नाही त्याच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही, असा त्याचा हिशेब असतो. घरात शिरलेल्या पाहुण्याला मासे तळल्याचे लगेच कळते आणि तळणाऱ्या व्यक्तीला कळत नाही, तो हाच प्रकार. व्हॅनिला आणि कस्तुरीसारख्या मऊ, जड वासांच्या बाबतीत हे विशेष घडते, आणि काही कृत्रिम कस्तुरी तर काही माणसांना मुळातच जाणवत नाहीत. धोका असा की वास गेला असे समजून आपल्या पत्नी दुपारी पुन्हा चार फवारे मारतील आणि त्याची झळ त्यांना नव्हे तर शेजारी बसणाऱ्यांना लागेल. त्यांनी फवारा गळ्याशी न मारता गुडघ्याच्या मागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला मारून पाहावा. नाकापासून दूर असला की तो मधूनमधून नव्याने जाणवतो. त्वचा कोरडी असेल, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती सगळ्यांचीच असते, तर आधी बिनवासाचे क्रीम किंवा व्हॅसलीनचे बोट लावावे. एंजल घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. नाक त्यालाही सरावते. फक्त तोपर्यंत घरातल्या इतरांची कसोटी लागते.

प्रश्न : माझ्याकडे एंजल आणि ब्लॅक ओपियम दोन्ही आहेत. मुलीच्या लग्नात पैठणीवर कोणता लावावा? आणि एंजलची जुनी बाटली पूर्वीपेक्षा गडद दिसते आहे. ती वापरावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : पैठणीवर कोणताच लावू नये. मद्यार्क, तेलकट सुगंधद्रव्ये आणि एंजलच्या बाबतीत रंगही, यांचा डाग रेशमावर पडू शकतो आणि जरीलाही ते मानवत नाहीत. मोत्यांचे दागिने तर फवारा पूर्ण वाळल्यानंतरच घालावेत. साडी नेसण्यापूर्वी पाठीवर, मानेखाली एक फवारा मारून पाच मिनिटे थांबावे आणि मग नेसावे.

कोणता, याचे उत्तर मांडवावर अवलंबून आहे. लग्नघरात मोगऱ्याचे गजरे, धूप, होमाचा धूर आणि जेवणाचा दरवळ असतो. त्या गर्दीत ब्लॅक ओपियममधली पांढरी फुले गजऱ्याशी सहज मिसळतात, म्हणून सकाळच्या विधीला तो शोभेल. एंजल त्या मांडवात स्वतंत्र संसार थाटेल; तो रात्रीच्या स्वागतसमारंभासाठी राखावा, तेही समारंभ मोकळ्या हिरवळीवर असेल तर. गोव्याच्या दमट हवेत बंद सभागृहात तो नको. आणि दोन्ही एकाच दिवशी लावायचे असतील तर मधे स्नान व्हायलाच हवे.

गडद होण्याचे घाबरण्यासारखे काही नाही. व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन काळाबरोबर तपकिरी होत जाते, त्यामुळे निळा द्रव हिरवट किंवा गढूळ दिसू लागतो. मनगटावर एक फवारा मारून दहा मिनिटांनी हुंगावे. सुरुवातीचा आंबूस किंवा नखांच्या रंगासारखा वास दहा मिनिटांत निघून गेला आणि खाली पाक व पाच जागच्या जागी असतील, तर बाटली खुशाल वापरावी; न गेल्यास टाकून द्यावी. आजवर ती न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली असेल तर तिथून हलवून कपाटात, अंधारात ठेवावी. ब्लॅक ओपियमची बाटलीही तिच्या शेजारीच ठेवावी, काळ्या काचेमुळे तिचा रंग बदललेला आपल्याला दिसणार नाही.